शेवटची लाइन मोकळी ठेव

जे. पी. नगर, बंगळूर
१४ जुलै १९९६

प्रिय आत्या,

पोचले, जेवते, झोपते. बाबा हे तुला फोनवर सांगणार होते, पण तू फोन उचलत नाहीस, म्हणून मला ही पत्राची शिक्षा. तीस वर्षं विट्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर असलेली बाई रिटायर झाल्यावर फोनला हात लावत नाही, असं इथे सांगितलं की लोकांना मी थापा मारतेय असं वाटतं.

खोली छान आहे. घरमालकीण हेमलताक्का आपल्याकडच्याच, म्हणजे त्यांचे सासरे इथे विमानाच्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकून तुला मजा वाटेल. "सुखदा, स्वल्प भात घे, आणि सारु घालू?" मी नको म्हटलं की "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणतात आणि घालतातच.

आता नोकरीबद्दल. बाबांना तीनदा सांगूनही कळलं नाही, तुला एकदाच सांगते. आमच्या कंपनीचा एक टॉवर आहे. त्याच्यावर बोलण्यासाठी चार चॅनेल. बस, चारच. गिऱ्हाइकं मात्र अकरा आहेत आणि त्यांच्या गाड्यांत मिळून दोनशेच्या वर वायरलेस सेट आहेत. एक टॅक्सी कंपनी, पीण्या या औद्योगिक वसाहतीतले काही कारखाने, एक दूधवाला, ॲम्ब्युलन्स चालवणारा एक ट्रस्ट. कोणी बटण दाबलं की यंत्र जो चॅनेल मोकळा असेल तो त्याच्या गटाला देतं, बोलणं संपलं की काढून घेतं. टॅक्सीवाल्यांना फक्त टॅक्सीवाले ऐकू येतात, दूधवाल्यांना दूधवाले. प्रत्येकाला वाटतं, अख्खा टॉवर आपल्या एकट्याचा आहे! हे गट कसे पाडायचे, कोणाला किती सवलत द्यायची, हे संगणकात भरायचं काम माझं. एका टॉवरातून मी अकरा टॉवर करते, आत्या. जादूच की नाही?

यंदा तरी २२ डिसेंबरला ये. माझे सव्वीस वाढदिवस झाले, तू एकालाही आली नाहीस. येताना टोपली आणू नकोस. तुझ्या माळ्यावर आधीच दुकान मांडण्याइतक्या टोपल्या आहेत, इथे ठेवायला जागा नाही.

तुझी
सुखदा


विटा
२४ जुलै १९९६

सुखदे,

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचेच पाय. इंजिनियर झालीस तरी सुधारलं नाही.

जादूबिदू काही नाही. हेच काम मी तीस वर्षं केलं. विट्यात टेलिफोन दोनशे दहा आणि बाहेरगावी जायला ट्रंक लाइनी तीन. कापड व्यापाऱ्याला वाटायचं सरकारने लाइन त्याच्यासाठी ओढली, मामलेदारालाही तेच वाटायचं. मी मधे बसून कोणाला कधी जोडायचं ते बघायची. तुझ्या यंत्राचा आणि माझा एकच धंदा. फक्त त्याला पाठदुखी नाही.

एक विचारते. चारही चॅनेल चालू आहेत आणि तेवढ्यात कोणाचा जीव जायला लागला, तर काय करतेस? शेवटची लाइन कोणासाठी राखून ठेवली आहेस ते कळव. नुसतं "सिस्टीम बघते" असं लिहू नकोस. तुझा बाबा असंच काहीबाही म्हणतो.

वाढदिवसाचं बघू. डिसेंबरात माझे गुडघे धरतात. टोपल्यांना नावं ठेवू नकोस.

हेमलताबाईंना नमस्कार सांग. सार नको असेल तर ताट बाजूला ओढायचं, तोंडाने नको म्हणून कोणी ऐकत नाही.

सुनंदा आत्या


बंगळूर
११ ऑगस्ट १९९६

प्रिय आत्या,

तुझा प्रश्न मी आमच्या विश्वेश्वर सरांना सांगितला. ते म्हणाले, "तुमच्या आत्यांना नोकरी देऊ या." पण काळजी नको. लाइन राखायची गरजच नाही. आमच्याकडे प्रत्येक गटाला प्राधान्याचा क्रमांक असतो आणि ॲम्ब्युलन्सला मी पहिला, एक नंबर, दिलाय. चारही चॅनेल भरलेले असले, तर त्यांचं बोलणं रांगेत सगळ्यांच्या पुढे. शिवाय त्यांच्या सेटवर एक लाल बटण आहे. ते दाबलं की कोणाचंही बोलणं तोडून लाइन त्यांना मिळते. लाइन रिकामी ठेवणं म्हणजे भरल्या घरात एक खोली कुलूप लावून ठेवण्यासारखं आहे. तुमच्या काळात ठीक होतं.

ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या ट्रस्टचे शेषगिरी म्हणून गृहस्थ आहेत. पीण्यात एका खोलीत फोन आणि वायरलेस घेऊन बसतात. कारखान्यात कोणाला लागलं की फोन येतो, हे तीनपैकी जवळच्या गाडीला कळवतात. इतका सभ्य माणूस मी पाहिला नाही. वायरलेसवर बोलायच्या आधी हात जोडतात! मी त्यांना तासभर शिकवलं. लाल बटणाबद्दल बजावून सांगितलं की हे दाबलं की दुसऱ्याचं बोलणं मधेच तुटतं, तेव्हा फार जपून. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

टॅक्सीवालेही खूश आहेत. त्यांची तक्रार होती की वाक्य संपून पुढचा बोलेपर्यंत लाइन जाते. मी त्यांचा थांबा वाढवून दिला. आता ते गप्प बसले तरी दहा सेकंद लाइन त्यांच्याकडेच राहते. सकाळी पहिल्यांदा एकमेकांना "ऊटा आयता?" विचारतात, म्हणजे जेवलास का. सकाळी आठला! मग तिंडी, म्हणजे नाश्ता, काय केला, चटणी कसली. ऐकायला गोड वाटतं.

सरांनी माझं काम सगळ्यांसमोर वाखाणलं. तुला सांगायचं होतं.

सुखदा


विटा
२२ ऑगस्ट १९९६

सुखदे,

कौतुक झालं, आनंद वाटला. इतर सगळं वाचून आनंद वाटला नाही.

आमच्याकडे साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लाइटनिंग कॉल असे तीन प्रकार होते. लाइटनिंग मागितला की सगळ्यांच्या आधी जोडायचा. तीस वर्षांत माझ्याकडे स्वतःहून लाइटनिंग मागणारे सगळे धंदेवाले. ज्याच्या घरात माणूस शेवटच्या घटका मोजतोय तो यायचा, बाकावर बसायचा आणि म्हणायचा, "ताई, जमेल तेव्हा जोडा." माणूस घाबरला की जास्तच नमून वागतो. त्याची निकड आपणच त्याच्या तोंडावरून ओळखायची.

वायरलेसला हात जोडणारा माणूस ते लाल बटण दाबेल असं तुला खरंच वाटतं? आणि रांगेत पुढे उभं करून उपयोग काय, पुढचा उठलाच नाही तर?

बघ बाई. मी जुन्या काळची.

आत्या


विटा
१० ऑक्टोबर १९९६

(कार्ड)

सुखदे, दीड महिना पत्र नाही. रागावली असशील तर रागावल्याचं तरी लिही. तुझा बाबा पत्रात लिहितो, कामात आहे. दसऱ्याला आपट्याची पानं पाठवली आहेत, पोस्टात चुरा होणारच, तरी घे. आत्या.


बंगळूर
२७ ऑक्टोबर १९९६

आत्या,

रागावले होते. खरंच. तुझं पत्र मी ड्रॉवरमध्ये तळाशी टाकलं होतं. काल काढलं आणि चार वेळा वाचलं.

इथे दसऱ्याच्या आधी आयुधपूजा असते. कारखाने सुट्टीच्या आधी, शनिवारी एकोणीस तारखेलाच यंत्रं धुऊन-पुसून हळदकुंकू लावतात, कोहळे फोडतात. टॅक्सीवाले गाड्यांना केळीचे खांब बांधतात. आणि आमच्या सेटनाही कुंकू लावतात, आत्या. कुंकू लावून झालं की बटण दाबून सगळ्यांना "पूजे आयता?" विचारतात. टॅक्सी, दूध, कारखाने, सगळ्यांच्या पूजा त्याच वेळेला. साडेदहापासून चारही चॅनेल भरलेले. मी ऑफिसात बसून बघत होते आणि मूर्खासारखी हसत होते. मला वाटलं, किती वापरतायत बघा!

तेव्हाच पीण्यात एक फिटर पूजेसाठी प्रेस मशीन पुसत होता. हात आत असताना मशीन चाललं. कारखान्यातून शेषगिरींना फोन आला. जवळची गाडी एका पेशंटला सोडून परत निघाली होती, तिला वळवायचं होतं. शेषगिरींनी बटण दाबलं. बीप आला, म्हणजे लाइन नाही, रांगेत आहात. ते थांबले. रांगेत पहिले होते, मी दिलेल्या एक नंबरमुळे. पण मी दिलेल्या दहा सेकंदांमुळे पुढचा कोणी उठतच नव्हता. एक गप्प झाला की दहा सेकंदांच्या आत दुसरा "नमस्कारा" म्हणायचा.

सोमवारी मी संगणकाचा कागद काढला. सहा मिनिटं वीस सेकंद.

मी शेषगिरींना विचारलं, लाल बटण का नाही दाबलं? त्यांनी वही उघडून मला माझंच वाक्य दाखवलं. "दुसऱ्याचं बोलणं मधेच तुटतं, तेव्हा फार जपून." म्हणाले, "पूजेचा दिवस होता मॅडम. कोणाचं शुभ बोलणं कसं तोडायचं?" आणि रडायला लागले. सत्तरीचा माणूस माझ्यासमोर रडत होता आणि चूक माझी होती.

फिटरचं नाव संताजी. बेळगावकडचा, चाळिशीचा. मी हॉस्पिटलात गेले. अंगठा वाचला, शेजारची दोन बोटं गेली. डॉक्टरांना विचारलं, सहा मिनिटं आधी आला असता तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. संताजीला मी कोण ते सांगितलं, तर मलाच म्हणाला, "असू दे ताई, अंगठा हाय न्हवं, पाना धरता येतो."

मी विश्वेश्वर सरांना म्हटलं, एक चॅनेल कायम मोकळा ठेवू या. ते चांगले आहेत, पण म्हणाले, "सुखदा, चारातला एक म्हणजे पाव कंपनी. जानेवारीत कुरियरवाले येतायत, त्यांना कुठे बसवू? ॲम्ब्युलन्सवाल्यांना बटण दाबायला शिकव, झालं." ट्रस्टचं पत्र आलंय, महिनाअखेर सेट परत करतो म्हणून. मग शेषगिरी पुन्हा फोन आणि स्कूटरवर. मग सहा मिनिटांची वीस होतील.

मला हे काम येत नाही, आत्या. राजीनामा लिहून ठेवलाय. पुण्याला घरी परत जाते. बाबांना अजून सांगितलं नाही.

सुखदा


विटा
३ नोव्हेंबर १९९६

सुखदे,

राजीनामा फाड. आधी फाड आणि मग पुढचं वाच.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या बाबालाही नाही. सत्तावीस वर्षं होतील डिसेंबरात.

विट्यात तीन ट्रंक लाइनी होत्या हे तुला लिहिलं. शेवटची मोकळी ठेवायची असा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता, आम्हा ऑपरेटरांचा आपसातला होता. दोन जोडल्या की तिसऱ्याला सांगायचं, "लाइन बिझी आहे." धडधडीत खोटं. पण त्या खोट्यावर बाळंतपणं झाली, अपघातात माणसं वाचली.

२२ डिसेंबर १९६९ला दुपारी माझी ड्युटी होती. दोन लाइनी चालू होत्या. आणि तुझा बाबा श्रीकांत धावत आला. मुलगी झाली! तुझ्या आईच्या माहेरी, पुण्याला कळवायचं होतं. तो काचेबाहेर नाचत होता गं. मी हसले आणि तिसरी लाइन त्याला दिली. एक मिनिट बोलेल म्हटलं. पलीकडे तुझे आजोबा, आजी, मावशी, सगळे पाळीपाळीने आले. नाव काय ठेवायचं यावरच निम्मा वेळ गेला. सुखदा हे नाव त्या लाइनीवर ठरलं.

त्यात डॉ. विश्वासरावांचा फोन आला. मिरजेच्या हॉस्पिटलात बोलायचं होतं. एका बुरुडाला बांबू तोडताना साप चावला होता, आणि औषध विट्यात नव्हतं. मिरजेहून एसटी निघण्याआधी तिच्यात द्यायला सांगायचं होतं. मी म्हटलं, लाइन बिझी आहे. त्या दिवशी ते खरं होतं. मी दोनदा श्रीकांतच्या बोलण्यात शिरून "आवर" म्हटलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. तिसऱ्यांदा तोडायला हात गेला, पण माझ्याने झालं नाही. भावाला पहिली मुलगी झालेली. तेरा मिनिटं. एसटी निघून गेली, औषध पुढच्या गाडीने आलं.

माणूस वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही, कारण कोणाला कळलंच नाही. डॉक्टरसुद्धा म्हणाले, लाइनींचा काय भरवसा.

पुढे तो सोमवारच्या बाजारात टोपल्या घेऊन बसायला लागला. कुबडी शेजारी ठेवून. मला "ताई, या" म्हणायचा. मी दर वेळी एक घ्यायची. माझ्या माळ्यावर दुकान का आहे ते आता कळलं ना? गेल्या वर्षी तो म्हातारा होऊन गेला. मी सांगीन सांगीन म्हणत राहिले आणि सांगितलं नाही.

तुझ्या वाढदिवसाला मी का येत नाही तेही आता तुला समजेल. तू केक कापायला उभी राहिलीस की मला ते बोलणं ऐकू यायचं. तुझ्यावर राग नव्हता पोरी, कधीच नव्हता. तू माझी सगळ्यांत लाडकी. फोन वाजला की तीच तेरा मिनिटं आठवतात, म्हणून उचलत नाही.

तो वाचला म्हणून माझी चूक लहान झाली नाही. पण मी खुर्ची सोडली नाही. त्यानंतर तेवीस वर्षं मी शेवटची लाइन कोणाला दिली नाही, आमदाराच्या माणसालाही नाही. मी घरी बसले असते तर माझ्या जागी जी आली असती तिला हे कोणी शिकवलं असतं?

आता कामाचं. एक, बोलणं लांबलं की मी आत शिरून "तीन मिनिटं झाली" म्हणायची. तुझ्या यंत्राला तसं म्हणायला लाव आणि ते दहा सेकंद काढून टाक. मी हिशोब केला तर तेवढ्यातच तुझ्या साहेबाची पाव कंपनी परत मिळते. दोन, माझ्यासारखं खोटं बोलू नकोस. "बिझी आहे" सांगितलं की लोक शिव्या देतात. कोणासाठी राखली आहे ते खरं सांग. सगळ्यांना बोलावून सांग. संताजीला घेऊन जा, तो येईल.

पत्र वाचलंस की मला वाईट म्हणायचं असेल तर म्हण. पण फाडलास का ते कळव.

आत्या


बंगळूर
२४ नोव्हेंबर १९९६

माझ्या आत्या,

फाडला. त्याच दिवशी.

तुझं पत्र मी किती रडत वाचलं ते लिहीत नाही. हेमलताक्का घाबरून सारु घेऊन आल्या. वाईट काय म्हणू तुला? माझं नाव ठरत होतं आणि तू एकटी त्या खुर्चीत अडकलीस. मला एकदा सांगितलं असतंस तर मी वाढदिवस विट्यात, तुझ्याजवळ बसून घालवला असता. केक नको, काही नको. असो. आता कामाचं, तुझ्या पद्धतीने.

मी आधी तीन दिवस नुसते कागद काढले. तू बरोबर होतीस! टॅक्सीवाल्यांचे दहा सेकंद दोनवर आणले आणि एका बोलण्याला एका मिनिटाची हद्द घातली, तर सध्याचं सगळं बोलणं तीन चॅनेलांत मावतं. एवढंच नाही, कुरियरवालेही बसतात. चौथा चॅनेल शेवटचा. तिन्ही भरले तरी यंत्र तो कोणाला देणार नाही, फक्त ॲम्ब्युलन्सला. शेषगिरींना लाल बटण दाबावंच लागणार नाही. साधं बटण दाबायचं, हवे तर हातही जोडायचे.

सर म्हणाले, "कागदावर ठीक. पण टॅक्सीवाल्यांचे दहा सेकंद काढलेस तर ते सोडून जातील. त्यांना तू सांग." मी म्हटलं, सांगते.

गेल्या रविवारी टॅक्सीच्या आवारात मी, शेषगिरी आणि संताजी उभे. समोर साठ ड्रायव्हर. माझं कन्नड म्हणजे स्वल्प स्वल्प. मी सुरुवात केली तर मागून कोणी ओरडलं, "नम लाइन याके कट माडतीरा?" आमची लाइन का कापता? तेव्हा संताजी पुढे झाला आणि पट्टी बांधलेला हात वर केला. त्याचं कन्नड माझ्यापेक्षा शंभर पट चांगलं. म्हणाला, तुम्ही पूजा झाली का विचारत होता तेव्हा मी हा हात धरून गाडीची वाट बघत बसलो होतो. तुमचा दोष नाही, तुम्हाला माहीतच नव्हतं. आता माहीत झालं.

मग एक म्हातारा ड्रायव्हर उठला आणि विचारलं, त्या दिवशी साडेदहाला कोण बोलत होतं? आपणच ना? दहा सेकंद काय, सगळंच घ्या म्हणाला. मी त्यांना तुझी गोष्टही सांगितली. माणसाचं नाव, गाव काही नाही. एवढंच की माझी आत्या ऑपरेटर होती आणि शेवटची लाइन राखायची. विचारायचं राहिलं तुला. चाललं ना?

सरांनी १५ डिसेंबरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर टॅक्सीची किंवा कारखान्यांची एक जरी लेखी तक्रार आली, तर चौथा चॅनेल परत सगळ्यांना. शेषगिरींनी ट्रस्टला सांगून सेट तोवर ठेवलेत. ते रोज सकाळी फोन करून विचारतात, "मॅडम, चौथा आहे ना?"

आहे, आत्या. रिकामा. मी दिवसातून दहादा बघते.

सुखदा


बंगळूर
११ डिसेंबर १९९६

प्रिय आत्या,

परवा, सोमवारी, बसवनगुडीला कडलेकाई परिषे होती, म्हणजे शेंगांची जत्रा. कार्तिकातला शेवटचा सोमवार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग आणि मधे अख्खं बंगळूर. गाड्या जागच्या हलेनात. साहजिकच सगळे टॅक्सीवाले बटणावर. कुठून वळू, कुठला रस्ता मोकळा आहे. दुपारपासून तिन्ही चॅनेल भरलेले आणि रांगेत सात. सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. "सात जण थांबलेत आणि तुझा चौथा रिकामा," एवढंच म्हणाले. खरं सांगते, माझाही हात एकदा कीबोर्डवर गेला. सात माणसं थांबलेली दिसतात, आत्या, आणि ज्याच्यासाठी राखायची तो दिसत नाही. तेरा मिनिटं तू काय सोसलंस ते मला तेव्हा कळलं.

चार वाजून बारा मिनिटांनी चौथा पेटला. शेषगिरी. जत्रेत एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. एका सेकंदात लाइन, आत्या. एका सेकंदात! आणि पुढचं तर मी ठरवलंही नव्हतं. शेषगिरींनी ऑफिसात फोन करून सांगितलं की गाडी गर्दीत अडकली आहे. मी टॅक्सीच्या मुख्य खोलीत कळवलं. तिथल्या माणसाने सगळ्या टॅक्सींना दोन वाक्यांत सांगितलं आणि बावीस टॅक्सी फुटपाथवर चढल्या. गाडी त्यांच्यामधून गेली. मुलगी झाली. आई आणि मुलगी दोघी छान आहेत. मी काल बघून आले, नाक नकटं आहे आणि आवाज सायरनसारखा.

एकही तक्रार आलेली नाही. सरांनी पंधरा तारखेची वाट न बघता आज सही केली. कुरियरवाल्यांच्या करारातही लिहिलं, शेवटचा चॅनेल राखीव. ट्रस्टने सेट परत करण्याचं पत्र मागे घेतलं.

आता एक कबुली. संगणकात प्रत्येक नियमाला नाव द्यावं लागतं. मी चौथ्या चॅनेलच्या नियमाला 'सुनंदा' नाव दिलं होतं. ते टॅक्सीच्या खोलीत कोणीतरी स्क्रीनवर वाचलं आणि झालं! आता कोणी वायरलेसवर गप्पा लांबवल्या की दुसरा म्हणतो, "साकु, सुनंदक्कंगे बिडी." पुरे, सुनंदाक्कासाठी सोडा. काल दूधवाल्यांनीही म्हटलं. दोनशे ड्रायव्हर तुला ओळखतात, आत्या, आणि तू अजून बंगळूर पाहिलेलं नाहीस.

बावीसला रविवार आहे.

सुखदा


विटा
१६ डिसेंबर १९९६

सुखदे,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग श्रीकांतला फोन केला. होय, मी केला. चार वर्षांनी. त्याला सगळं सांगितलं, तेरा मिनिटं, बुरूड, टोपल्या. तो म्हणाला, "ताई, तू तोडायचं होतंस गं. मी काही म्हटलं नसतं." मी म्हटलं, ते मला माहीत होतं, म्हणून तर जास्त लागलं. मग दोघंही रडलो. लांबच्या फोनवर रडणारी माणसं मी तीस वर्षं ऐकली, आपण रडल्यावर किती बरं वाटतं ते माहीत नव्हतं.

नाव द्यायच्या आधी विचारायचं असतं. पण दिलंस ते असू दे. काल बाजारात भाजीवालीला सांगितलं की बंगळूरचे ड्रायव्हर मला अक्का म्हणतात. तिला काही कळलं नाही, तरी तिने कोथिंबीर जास्त घातली.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने निघते, रविवारी सकाळी पोचेन. गुडघे धरले तर धरोत. तू कुरकूर करशील, पण एक टोपली आणतेय. त्या बुरुडाने विणलेली शेवटची आहे, ती माळ्यावर टाकवत नाही. तिच्यात तिळाचे लाडू आहेत. अर्धे संताजीला, दोन शेषगिरींना, दोन त्या नकटीच्या आईला. उरले तर तुला.

मला तुझ्या ऑफिसात ने. वायरलेसवर काही बोलायला लावू नकोस, मला बोलायचं नाही. तो स्क्रीन दाखव, खुर्ची दे आणि थोडा वेळ एकटीला बसू दे. शेवटची लाइन मोकळी आहे एवढं बघते, मग घरी जाऊन केक कापू.

आत्या